लातूरचा पहाटेचा ध्यानवर्ग: पेंगणाऱ्यांनी जरूर जावं

आधी निकाल सांगून टाकतो. ध्यानाला बसलं की ज्यांची मान पुढं पडते त्यांनी इथं जावं. बासरी, अगरबत्ती आणि ‘फार प्रसन्न वाटलं’ एवढंच ज्यांना हवंय त्यांनी महिन्याचे ४०० रुपये वाचवावेत.

गंजगोलाईपासून चालत जाता येईल अशा एका इमारतीत, वरच्या मजल्यावर हा वर्ग भरतो. वेळ पहाटे साडेपाच ते साडेसहा. शिकवणारे सर निवृत्त शिक्षक. मी मार्केट यार्डात आडतीवर दिवाणजी. सोयाबीनच्या सीझनला शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या करून घरी यायलाच रात्रीचे दहा वाजतात, मग भाकरी-बेसन, मग आडवं होणं. असा माणूस पहाटे डोळे मिटून बसल्यावर काय होणार? आधी जिथं जिथं गेलो तिथं ‘तुमचा निश्चय कमी पडतो’ हे ऐकून आलो. इथं सरांनी पहिला प्रश्न विचारला, “रात्री जेवता किती वाजता, आणि झोपता किती तास?” मोठ्या माणसाला निदान सात तास झोप लागते. पाच तासांवर दिवस ढकलणारा डोळे मिटले की झोपणारच, त्यात अध्यात्म काही नाही, असं ते तोंडावर सांगतात. नाईट ड्युटी करणाऱ्या एकाला त्यांनी ‘आठ दिवस येऊच नका, घरी झोपा’ म्हणून परत पाठवलं. फी घेणारा माणूस असं म्हणतो हे मला आवडलं.

झोप पुरी होऊनही पेंग येते, तिच्यासाठी भिंतीवर एक कागद लावलाय. बुद्धाचा पट्टशिष्य मोग्गल्लान, तोही मगधातल्या एका गावात ध्यानाला बसून पेंगत होता. तेव्हा बुद्धाने त्याला जे उपाय सांगितले ते अंगुत्तर निकाय या पाली बौद्ध ग्रंथात आहेत. ज्या विचारात पेंग आली तो सोड. शिकलेल्याचं चिंतन कर, ते मोठ्यानं म्हण. कानाच्या पाळ्या ओढ, अंग चोळ. उठून डोळ्यांना पाणी लाव, चहूकडं बघ, वर चांदण्यांकडं बघ. मनात उजेड धर. येरझाऱ्या घाल. आणि एवढं करून जमलंच नाही तर सरळ उजव्या कुशीवर झोप! हे शेवटचं वाचून मला फार धीर आला. वर्गात हे खरंच करायला लावतात. ट्यूबलाइट चालू, खिडक्या उघड्या, आणि कोण पेंगतंय दिसलं की सर हळूच येऊन विचारतात, “अण्णा, काय करलालाव, ध्यान का झोप?” मग गॅलरीत दहा मिनिटं चालायचं. पाण्याचं मात्र लातुरी पद्धतीनं चालतं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं पाहिलेलं गाव हे, तोंडावर तांब्या ओतायला कुणाचा हात धजत नाही. रुमालाचं टोक भिजवून डोळ्यांना लावायचं.

जांबेच्या समर्थांनीही दासबोधात निद्रेवर अख्खा समास लिहिलाय, अठराव्या दशकातला नववा. जांभया, चुटक्या, डुलक्या, सगळं आहे त्यात. सर तो वाचून दाखवतात तेव्हा निम्मा हॉल हसतो आणि उरलेला निम्मा खरोखर जांभया देतो.

कंटाळ्याचं औषध वेगळं, आणि माझ्या मते या वर्गाची खरी किंमत तिथंच वसूल होते. बहुतेक ठिकाणी श्वास मोजायला लावतात, एक ते दहा. माझा जन्म पोती मोजण्यात गेला. माझं मोजणं आपोआप चालतं, मन तोवर उधारीच्या वहीत जाऊन येतं. सरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग तुम्ही मोजूच नका. आत्ता कुठली नाकपुडी चालू आहे ते सांगा.” दोन्हीतून हवा सारखी जात नसते, काही तासांनी आलटून पालटून एकीचा जोर वाढतो. ते शोधायला लागलो तर काम निघतच गेलं. आत येणारा श्वास गार, बाहेर जाणारा कोमट. बाहेर गेलेला श्वास संपला आणि पुढचा अजून सुरू झाला नाही, एवढ्याशा फटीतही बघण्यासारखं असतं. वरच्या ओठावर एक गुदगुल्यासारखा ठिपका आहे, तो मला पन्नाशी उलटल्यावर कळला. तरी कंटाळा आलाच तर त्याच्याकडंच बघा म्हणतात. तो छातीत असतो का जबड्यात, घड्याळ बघावंसं नेमकं कधी वाटतं. माझा जबड्यात असतो. पाच मिनिटं तपासलं की त्याचा जोर ओसरतो, रोज नाही, पण बऱ्याचदा.

आता तक्रारी. खाली अंथरलेल्या गाद्या फार मऊ आहेत, पाठीला पोक येतो आणि पोक आला की पेंग आलीच. घरून सतरंजीची घट्ट घडी न्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलांचे फोटो इतके येतात की म्यूट केल्याशिवाय इलाज नाही. सर रजेवर असले की त्यांचे सहायक स्पीकरवर संथ आवाजातलं रेकॉर्डिंग लावतात. त्या दिवशी सगळा हॉल घोरतो, मीही. आणि सीझनच्या दिवसांत आडतीवाल्यांना ही वेळ झेपत नाही. संध्याकाळची बॅच मागून झाली, अजून काही हालचाल नाही.

पाचपैकी चार तारे. पहिले तीन दिवस फुकट बसू देतात, त्यामुळं पैसे भरायची घाई करू नका. चपला जिन्यातच काढा आणि रात्रीचं जेवण जमेल तेवढं लवकर उरका.