‘२.९९ पौंडांहून जास्त देऊ नका’ असं छापलेली रेकॉर्ड मी कितीला घेतली

परवा माझ्या टर्नटेबलचा बेल्ट तुटला. त्याला ब्रिटिश गायक बिली ब्रॅग आणि त्याची पहिली रेकॉर्ड जबाबदार आहे.

‘लाइफ्स अ रायट विथ स्पाय व्हर्सेस स्पाय’ दिसायला बारा इंची एलपी, पण एलपीसारखी मिनिटाला ३३ फेऱ्यांनी नाही, तर ४५ च्या वेगाने फिरते. ज्यांच्या मशीनला वेग बदलायचं बटण आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. माझ्याकडे मॅट काढायची, प्लॅटर उचलायचा, पुलीच्या लहान घेरावरचा बेल्ट बोटाने ओढून मोठ्या घेरावर चढवायचा, प्लॅटर परत बसवायचा. एवढं करून ऐकायला मिळतात सात गाणी, सोळा मिनिटं. त्यात मध्येच उठून बाजू पालटा. नंतर दुसरी रेकॉर्ड लावायची तर सगळं पुन्हा उलट. दुकानदार म्हणाला बेल्ट सुटा येत नाही, मोटरसकट घ्या. मी नाही म्हणालो, तोही हटला नाही, आणि शेवटी मी ऑनलाइन सुटाच मागवला.

वेगाचा हा घोळ मुळापासूनचा आहे. १९८३ मध्ये बीबीसीचा निवेदक जॉन पील रेडिओवर सहज बोलून गेला की भूक लागलीय. ब्रॅगने ते ऐकलं आणि मशरूम बिर्याणी घेऊन थेट स्टुडिओ गाठला. पीलने लगेच या रेकॉर्डवरचं गाणं लावलं, तेही चुकीच्या वेगाने! बिर्याणी नसती तरी लावलंच असतं, असं पील म्हणायचा. (मशरूमची बिर्याणी. आमच्या घरी त्याला पुलाव म्हणतात, आणि त्यावर रेडिओवाला पटला असता असं वाटत नाही.)

आता किमतीचं. कव्हर जुन्या पेंग्विन पुस्तकासारखं आहे, बार्नी बबल्सने केलेलं, आणि त्यावर चक्क छापलंय की २.९९ पौंडांपेक्षा जास्त देऊ नका. मी जुनी ब्रिटिश प्रत आठ पौंडांना घेतली. टपाल त्याच्या दुप्पट. वर कस्टम, आणि कस्टम भरून दिल्याबद्दल कुरिअरवाल्याची वेगळी फी. गेले काही महिने रेकॉर्ड उचलली की आधी तो आकडा दिसतो, गाणं त्यानंतर.

म्हणून एका रविवारी ब्रॅगच्या कव्हरांवर छापलेले आकडे आणि वही घेऊन बसलो. पहिली रेकॉर्ड २.९९ ला सात गाणी, म्हणजे गाण्यामागे ४३ पेन्स. १९८४ ची ‘ब्रूइंग अप’ ३.९९ ला अकरा, म्हणजे ३६. १९८६ ची ‘टॉकिंग विथ द टॅक्समन अबाउट पोएट्री’ ४.४९ ला बारा, साधारण ३७. १९८८ च्या ‘वर्कर्स प्लेटाइम’वर भांडवलशाही संगीताला मारतेय असं छापून खाली ४.९९, गाणी अकरा, म्हणजे ४५! भांडवलशाहीला शिव्या घालणारी रेकॉर्डच सगळ्यात महाग पडते. सगळ्यात स्वस्त पडते ती १९८५ ची ‘बिटवीन द वॉर्स’ ईपी, म्हणजे एलपीपेक्षा छोटी रेकॉर्ड. चार गाणी, सव्वा पौंड, गाण्यामागे ३१ पेन्स, आणि ते पैसेही ब्रिटनमधल्या संपावरच्या खाणकामगारांच्या निधीला. वर्षभर चाललेला तो संप नेमका त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मोडला. ईपी मात्र ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १५ व्या क्रमांकापर्यंत गेली. आपल्याकडे गिरणीसंप १९८२ मध्ये सुरू झाला, त्यामुळे ही ईपी ऐकताना मला वेगळं काही समजावून घ्यावं लागलं नाही.

आवाजाबद्दल सुरुवातीला माझं मत वाईट होतं. सपाट, घोगरा, लंडनजवळच्या त्याच्या बार्किंगचा उच्चार जसाच्या तसा. ड्रम नाही, बेस नाही, एक इलेक्ट्रिक गिटार आणि हा. पहिल्या आठवड्यात वाटलं, बाकी बँड सुट्टीवर असताना रेकॉर्डिंग उरकलं असावं. हेडफोन लावून पहिली बाजू ऐकली तेव्हा मत बदललं. तारेवर प्लेक्ट्रम (गिटार वाजवायची पट्टी) आपटतं तो कट-कट आवाज स्वच्छ येतो, आणि ताल तोच धरतो. ४५ वर खाच जास्त वेगाने सरकते म्हणून हे बारकावे टिकतात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी शिव्या देतोय त्याच गोष्टीमुळे ही रेकॉर्ड वाजते चांगली. बेल्टचा राग त्याने कमी होत नाही.

त्याच्या आयुष्यातही हा काटकसरीपणा सापडतो. १९५७ चा जन्म, वडील टोप्यांच्या व्यवसायात, ते १९७६ मध्ये गेले. शेजारच्या विगीकडून गिटार शिकला, १९७७ मध्ये क्लॅश या पंक बँडला पाहून पेटला, रिफ रॅफ नावाचा बँड काढला, तो चालला नाही. १९८१ मध्ये सैन्यात भरती. तीन महिन्यांत १७५ पौंड भरून सुटका करून घेतली. पैसे वसूल म्हणजे काय ते इथे बघा. मग टीव्ही दुरुस्तीवाला असल्याची थाप मारून करिष्मा रेकॉर्ड्सच्या ऑफिसात आपली गाणी ऐकवायला शिरला. आमच्याकडे खरा टीव्हीवाला बोलावूनही येत नाही.

एक मोठी तक्रार राहिली. ‘अ न्यू इंग्लंड’ हे गाणं या रेकॉर्डवर अपुरं आहे. गायिका कर्स्टी मॅकॉलने ते गायला घेतलं तेव्हा फार छोटं पडतंय म्हणून ब्रॅगने तिच्यासाठी एक कडवं वाढवून दिलं. तिचं गाणं १९८५ मध्ये सातव्या क्रमांकावर गेलं. २००० मध्ये मेक्सिकोत बोटीच्या अपघातात ती गेली, आणि तेव्हापासून तो कार्यक्रमात तिची आठवण म्हणून ते कडवं गातो. एवढं माहीत झाल्यावर मूळ गाणं संपतं तिथे माझा कान पुढचं शोधतो, आणि येते ती सुईची खरखर.

पैसे कुठे घालायचे असं कोणी विचारलं तर ‘मर्मेड अॅव्हेन्यू’, १९९८. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीच्या मागे चाली नसलेली गाण्यांची ढीगभर कागदं राहिली होती. त्याच्या मुलीने, नोराने, ती ब्रॅगपुढे ठेवली आणि त्याने विल्को बँडसोबत चाली लावल्या. पंधरा गाणी आहेत. इथे ब्रॅगचा आवाज सैलावलाय, मागे माणसं वाजवताहेत, आणि हा विल्कोच्या जेफ ट्वीडीला गायला खुशाल जागा देतो. एकट्याने गिटार बडवणारा हाच का, असा प्रश्न पडतो. मी ती सीडीवर घेतली, जुन्या बाजारात, कस्टमशिवाय.

पहिली रेकॉर्ड घ्यायचीच असेल तर इथल्या इथे कोणाकडे मिळते का बघा. परदेशातून मागवू नका, आणि मागवलीत तर तो आकडा कव्हरवर झाकून ठेवा. माझ्याकडून साडेतीन तारे. अर्धा कापलाय तो कडव्यासाठी, एक टपालासाठी.