आईचं मृत्युपत्र: दादरच्या वकीलबाईंचा अनुभव

आईचं मृत्युपत्र करायला दादर पश्चिमेच्या एका वकीलबाईंकडे गेलो होतो. आई ७८ वर्षांची. मुलुंडचा वन बीएचके माझ्याच नावावर आहे, असं तिचं ठाम म्हणणं. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नावही तिचंच. बाईंनी एवढंच विचारलं, "आजी, तो तुमच्या नावावर आला कसा?"

बाबांनी सोसायटीत आईचं नॉमिनेशन केलं होतं. ते गेल्यावर सोसायटीने तिचं नाव चढवलं. बाबांचं मृत्युपत्र नव्हतं.

बाईंनी सांगितलं, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने पुढे कुणाशी व्यवहार करायचा, एवढंच नॉमिनेशनने ठरतं. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे बाबांचा फ्लॅट आई, दादा आणि मी असा तिघांचा झाला होता, सारख्या वाट्याने. (बाबांची आई त्यांच्या आधी गेली, नाहीतर तिचाही वाटा असता.) म्हणजे आई मृत्युपत्राने देऊ शकणार होती फक्त एकतृतीयांश! नऊ वर्षं आम्ही निर्धास्त बसलो होतो, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

मग आधी आम्हा भावंडांचं आईच्या नावे हक्कसोडपत्र झालं, दुय्यम निबंधकांकडे नोंदवून. त्यानंतर मृत्युपत्र. त्याला स्टँपपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. नोंदणी सक्तीची नाही, तरी आम्ही केली. साक्षीदार वाटेकऱ्यांपैकी नकोत म्हणून आमचे डॉक्टर आणि शेजारचे काका आले.

कुणाला काय द्यायचं हे विचारायची वेळ आली तेव्हा बाईंनी मला बाहेर बाकावर बसवलं. पाऊण तास. मला जरा लागलंच ते. पण परतताना लोकलमध्ये आई म्हणाली, "इतकं सगळं मला कुणी विचारलंच नव्हतं गं." त्या एका गोष्टीसाठी मी बाईंचं नाव कुणालाही सुचवीन.

दोन्ही कामांचे मिळून २२,००० घेतले, पावतीसकट. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईला दर जिन्यावर थांबावं लागलं. पहिल्या मसुद्यात फ्लॅटचा नंबरही चुकला होता, तेव्हा सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचा.

जाताना शेअर सर्टिफिकेट, गेलेल्या माणसाचा मृत्यूचा दाखला आणि फ्लॅटचं मूळ अ‍ॅग्रीमेंट बरोबर न्या. अ‍ॅग्रीमेंट घरी राहिल्याने आमची एक फेरी फुकट गेली.