दोघांसाठी बंदराचं शहर: मुंबई की विशाखापट्टणम?

आमच्या शेजारच्या वहिनींची लेक आणि जावई थंडीत दोघंच कुठेतरी जाणार आहेत. देवदर्शन नको, थंड हवेचं ठिकाण नको, बंदर असलेलं शहर बघायचंय. मुंबई की विशाखापट्टणम, एवढंच ठरत नाहीये. आम्ही दोघं या दोन्ही ठिकाणी जाऊन आलोय, म्हणून सविस्तर लिहिते. कोचीही सुंदर आहे, पण सोलापुरातून गाडीतच सव्वा दिवस जातो. छोट्या सुट्टीत ती बसवू नका.

आधी रजा मोजा. मुंबईला शनिवार-रविवार पुरतो. शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघालं की सकाळी सीएसएमटी, आणि रविवारी रात्री तीच गाडी परत आणते. सकाळची वंदे भारतही आहे, पण ती दुपारी पोचवते आणि पहिला अर्धा दिवस गाडीत जातो. विशाखापट्टणमला कोणार्क एक्सप्रेस थेट जाते, पण एक रात्र आणि जवळजवळ अख्खा दिवस प्रवास. बुधवारी रात्री निघालात तर रविवारी घरी, म्हणजे दोन रजा टाकाव्याच लागतात. हाताशी दोनच दिवस असतील तर विशाखापट्टणमचा विचारही करू नका. गाडीतच दमून जाल.

आता मुंबई. आपण सोलापूरकर मुंबईला दवाखान्यासाठी जातो, लग्नाला जातो, मुलाच्या मुलाखतीला जातो, आणि बंदर न बघताच परततो. दोघंच जाणार असाल तर नातेवाइकांकडे उतरू नका, असं मी स्पष्टच सांगेन. ठाण्या-डोंबिवलीहून रोज ये-जा करण्यात दिवस संपतो. फोर्ट किंवा कुलाब्यात एक रात्र राहा. खोल्या महाग आहेत, पण वाचलेला वेळ त्याहून मोलाचा.

मुंबई बंदर कळतं ते घारापुरीच्या लाँचमधून. गेटवे ऑफ इंडियाहून साधारण तासाभराचा प्रवास. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून बांधलेली ही कमान १९२४ मध्ये पुरी झाली, आणि १९४८ मध्ये इंग्रजांची शेवटची पलटण तिच्यातूनच बाहेर पडली. लाँच निघाली की एकीकडे नौदलाच्या युद्धनौका दिसतात (त्यांचे फोटो काढायचे नाहीत), मग तेलवाहू जहाजं, आणि दूरवर न्हावा-शेव्याच्या क्रेन. बेटावर उतरल्यावर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. वर लेण्यातली त्रिमूर्ती सहा मीटर उंच आहे. तिच्यासमोर आम्ही दोघंही बराच वेळ न बोलता उभे होतो. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली असेल तर लाँचमध्येच खा. वर माकडं हातातलं ओढून घेतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद असतात, म्हणून त्या दिवसांत ही सहल ठरवूच नका.

आपल्या दृष्टीने या बंदराला आणखी एक अर्थ आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला निघाले ते मुंबईहूनच, बोटीने. आणि सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ ला इथूनच लंडनला गेलं. ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतात तो त्याचमुळे.

हेच वालचंद विशाखापट्टणमलाही भेटतात. तिथला जहाजबांधणी कारखाना त्यांनी १९४१ मध्ये सुरू केला, आणि १९४८ मध्ये तिथे बांधलेलं ‘जलउषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. आपल्या गावच्या माणसाचं हे काम इतक्या दूर उभं आहे हे तिथे गेल्यावर कळलं, आणि ऊर भरून आला.

बंदर म्हणून विशाखापट्टणम मला जास्त आवडलं. समुद्रात घुसलेल्या डॉल्फिन्स नोज डोंगराच्या आडोशाला अरुंद वाट आहे आणि तिच्यातून जहाजं आत येतात. समोर तीन टेकड्या: एकीवर चर्च, एकीवर दर्गा, एकीवर व्यंकटेश्वराचं मंदिर. चर्चच्या टेकडीवरून एवढं मोठं जहाज हळूहळू आत शिरताना बघायला मिळालं तर तासभर तिथेच बसा.

रामकृष्ण बीचवर ‘कुरसुरा’ ही खरी पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आहे. १९६९ ते २००१ ती नौदलात होती. आतल्या दारांतून वाकून, पाय उचलून जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर बाहेरूनच बघा. या किनाऱ्यावर पोहायला मात्र उतरू नका, लाटा ओढून नेतात. अराकू खोरं याच फेरीत कोंबायचा मोह होतो, पण त्याला आणखी एक पूर्ण दिवस हवा.

जेवणाची काळजी दोन्हीकडे नाही. आंध्रचं तिखट सोलापूरच्या जिभेला परकं वाटत नाही. पेसरट्टू (मुगाचा डोसा) मात्र आवर्जून खा. राहण्याचा खर्च तिथे मुंबईपेक्षा हलका पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे चक्रीवादळं येतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी बरे.

आणि सोमवार टाळा. घारापुरीची लेणी आणि कुरसुरा, दोन्ही त्या दिवशी बंद.

वहिनींच्या लेकीला मी विशाखापट्टणमच सुचवलंय. त्यांच्याकडे चार दिवस आहेत, आणि त्यांचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, पद्मशाली. घरात तेलुगूच बोलतात. रिक्षावाल्याशी, खानावळीत ती सहज बोलेल. दोन्ही बाजूंचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हाच एकदम काढायला सांगितलंय. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गजर लावून किनाऱ्यावर जा, असंही सांगितलंय. मुंबईत सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. तिथे तो समुद्रातून वर येतो, तोही सोलापूरपेक्षा साधारण अर्धा तास आधी.