घोडबंदर रोडचा ऑब्स्टॅकल पार्क : पडायची मजा आहे, पण...

पोगो चॅनलवर जावेद जाफरीची कॉमेंट्री ऐकत ताकेशीज कॅसल हा अडथळे पार करायचा जपानी गेम शो बघितलेल्यांनी इथे नक्की जा, फक्त शनिवार-रविवार सोडून, कारण तेव्हा लाईनच इतकी असते की पाय आधीच दुखायला लागतात. हवेच्या भिंती, फिरणारे दांडे, झोके सगळं आहे. दगडांवरून उड्या मारायचा भाग बेस्ट, पण खाली स्पंज! मूळ जपानी शोमध्ये चिखलाचं पाणी असायचं आणि काही दगड पाय ठेवताच बुडायचे, खरी गंमत तीच ना. टीबीएस या जपानी चॅनलवर 1986 ते 1990 चाललेला तो शो, जिंकणाऱ्याला 10 लाख येन, आणि किल्ल्याचा राजा म्हणजे ताकेशी कितानो, पुढे मोठा डायरेक्टर म्हणून गाजलेला माणूस. 2023 मध्ये प्राइमवर नवीन आला, हिंदीत भुवन बामचा आवाज, बरा आहे, जावेदची सर नाही.

शेवटची उंच वाकडी भिंत मात्र सासुके, म्हणजे निन्जा वॉरियर या दुसऱ्या जपानी अडथळ्यांच्या शोची कॉपी, तो शो 1997 चा. तिथे ताकद लागते, माझा भाचा अर्ध्यावरून सरळ घसरत खाली आणि वर परत लाईनीत!

ग्रिपवाले सॉक्स कंपल्सरी, घरचे चालत नाहीत, वेगळे पैसे घेतात आणि हे बुकिंग करताना कुठेच सांगत नाहीत, डोकं फिरलं. स्टाफ चांगला आहे, लहान पोरांना हात धरून नेतात. एसी मात्र नावालाच, नॅपकिन सोबत ठेवा. 5 पैकी साडेतीन.