दोन पावत्या आणि पावणेतीन किलोंचा फरक

माझ्या कपाटात कुरिअरच्या दोन पावत्या जपून ठेवल्या आहेत. जातानाच्या पावतीवर वजन १४.६०० किलो, येतानाच्या पावतीवर ११.८५० किलो. खोकं तेच, थर्मोकोल तोच, आणि वरून पाहिलं तर आतला अ‍ॅम्प्लिफायरही तोच. अमळनेरला माझा धान्याच्या अडतीचा धंदा आहे. पोत्यामागे पाव किलो इकडचं तिकडे झालं तर माझ्या लक्षात येतं. पण ही दुसरी पावती मी न वाचताच खिशात घातली, कारण अ‍ॅम्प्लिफायर घरी परत आल्याचा आनंद झाला होता. वजनाचे आकडे मी पाहिले ते महिनाभराने, सगळं होऊन गेल्यावर.

हा सान्सुई या जपानी कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर १९८० साली काकांनी कुवेतहून येताना आप्पांसाठी आणला. प्रत्येक बाजूला ४५ वॅटचा, पुढे ॲल्युमिनियमची जाड पट्टी, मागे ११० ते २४० व्होल्टचा सिलेक्टर. त्यावर आप्पा कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकरांच्या तबकड्या ऐकायचे. आप्पा गेल्यावर मी दर रविवारी तो लावत आलो. दोन वर्षांपूर्वी डावी बाजू खरखरायला लागली, आवाज मध्येच जायचा, बटण थोडं फिरवलं की परत यायचा. शिवाय दोन्ही स्पीकरमधून बारीक गुणगुण. एवढाच बिघाड होता.

आता मला कळतं की तो बिघाड अगदी ठरावीक आहे. अशा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या वाटेवर एक रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, असतो. चालू केल्यावर काही सेकंदांनी तो 'टक्' करून जोडला जातो आणि आत काही जळलं तर स्पीकरची जोडणी तोडून टाकतो. चाळीस वर्षांत त्याचे काँटॅक्ट काळे पडतात, त्याने खरखर येते. गुणगुण येते ती पॉवर सप्लायच्या, म्हणजे वीज साठवून एकसारखी ठेवणाऱ्या, मोठ्या कपॅसिटरमधून. त्यातलं द्रावण सुकत जातं आणि उष्णतेने ते लवकर सुकतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असं गणित आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि आमचा अ‍ॅम्प्लिफायर माळवदाच्या खोलीत बंद कपाटात होता. रिले बदलायचा, कपॅसिटर बदलायचे, बटणं क्लीनरने साफ करायची, इतकंच काम होतं. पण तेव्हा हे सांगणारं जवळ कुणी नव्हतं, आणि गावातले दोन टीव्ही मेकॅनिक म्हणाले, "भाऊ, याला हात लावायची हिंमत नाही."

म्हणून राज्यातल्या एका मोठ्या शहरातल्या, जुने अ‍ॅम्प्लिफायर 'अपग्रेड' करून देणाऱ्या माणसाला मी फोन केला. बोलणं इतकं आदबीचं की दहा मिनिटांत विश्वास बसला. आप्पांची आठवण आहे म्हटल्यावर म्हणाला, "साहेब, मग तर हे मी स्वतःच्या हाताने करणार." ६,५०० रुपये ठरले. सगळे कपॅसिटर नवीन, सर्व्हिसिंग, दीड महिना.

दीड महिन्याचे चार महिने झाले, आणि दर काही दिवसांनी एक फोन. आधी म्हणाला, आउटपुट ट्रान्झिस्टर थकलेत, मूळ जपानी माल आता मिळत नाही, माझ्याकडे शेवटच्या दोन जोड्या आहेत, आज सांगा नाहीतर दुसरं गिऱ्हाईक नेईल. ५,८०० रुपये. मग सोन्याचा मुलामा दिलेले सॉकेट, २,५००. मग शेवटचा फोन रात्री साडेनऊला: "साहेब, ट्रान्सफॉर्मर वीक झालाय, बॉडीला करंट येतोय. घरात लहान मुलं आहेत ना?" माझी नात तेव्हा तीन वर्षांची होती. मी त्याच रात्री ७,००० पाठवले. एकूण २१,८०० रुपये गेले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, बिलावर १८ टक्के जीएसटी लागेल, कशाला उगाच? मीही म्हणालो, राहू द्या. ते वाक्य माझं मला आजही टोचतं.

दरवेळी घाई, दरवेळी शेवटचा माल, आणि पैसे गेल्याशिवाय पुढचं काम नाही. कामाआधी लेखी अंदाजपत्रक देणारा माणूस असं करत नाही. जुने भाग मागितले तेव्हा "ते भंगारात गेले" हे उत्तर आलं, तिथेच मी थांबायला हवं होतं. जुना भाग तुमचा असतो. जळका असो, फुटका असो, तो पिशवीत घालून परत द्या, असं पहिल्याच दिवशी लिहून पाठवा. ज्याने खरंच बदललाय त्याला ते द्यायला काहीच अडचण नसते. ज्याने चांगला भाग काढून घेतलाय तो इथेच अडखळतो.

अ‍ॅम्प्लिफायर आला आणि खरंच छान वाजला. खरखर गेली, गुणगुण कमी झाली. तीन आठवड्यांनी एका रविवारी आवाज जरा वाढवला होता. डाव्या स्पीकरमधून 'भप्प' असा आवाज झाला, वूफरचा, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरचा, शंकूसारखा पडदा बाहेर ढकलला गेला तो तसाच राहिला, आणि धुराचा वास सुटला. मी धावत जाऊन प्लग उपटला. अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण हाताला चटका बसेल इतकं तापलं होतं.

आमच्या बाजारपेठेमागे एक नाना आहेत. केळी-कपाशीवाल्यांच्या पंपाच्या मोटारी रिवायंडिंग करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. ट्रान्सफॉर्मर हे त्यांचं रोजचं काम, म्हणून तसाच उचलून त्यांच्याकडे नेला. झाकण काढून त्यांनी दोन मिनिटं नुसतं पाहिलं. मग ब्लेडने एका तारेवरचं इनॅमल खरवडलं. आत तांबडं दिसायला हवं होतं, पांढरं दिसलं. "भो, हाई तांबं नई शे," ते म्हणाले. ॲल्युमिनियमची वायंडिंग, गाभाही मूळ जागेपेक्षा लहान, बसवायला खाली दोन पट्ट्या ठोकलेल्या. मागच्या व्होल्टेज सिलेक्टरच्या तारा कापून टेप गुंडाळलेला. मूळ ट्रान्सफॉर्मर जुन्या जपानी तांब्याचा, त्याचं काय झालं असेल हे नानांना विचारायची गरजच पडली नाही. घरी येऊन मी पावत्या शोधल्या. पावणेतीन किलो.

नाना आणखी एक गोष्ट बोलले, ती मी विसरणार नाही. ट्रान्सफॉर्मर हळूहळू 'वीक' होत नसतो. तो जळतो, काळा पडतो, वास मारतो. बॉडीला करंट येतोय का हे मेगरने, म्हणजे वीज कुठे झिरपतेय का ते मोजणाऱ्या मीटरने, पाच मिनिटांत तपासता येतं, आणि तसा मेगर गावोगावच्या वायंडिंगवाल्याकडे असतो.

बाकीचं उघड झालं भुसावळला. रेल्वेच्या टेलिकॉममधून निवृत्त झालेले माझ्या ओळखीचे एक साहेब अजून घरी सोल्डरिंगचं टेबल मांडून बसतात. त्यांनी एक एक भाग काढून मला दाखवला. रिले बदललाच नव्हता. त्याच्या काँटॅक्टवर जाड तारेचा तुकडा सोल्डर करून तो कायमचा जोडून टाकला होता. खरखर गेली ती अशी! आणि म्हणूनच आत बिघाड झाल्यावर स्पीकरची जोडणी तोडायला काही उरलं नव्हतं. सरळ डीसी (एकाच दिशेने वाहणारा) करंट वूफरच्या कॉइलमध्ये गेला आणि ती जळली. झाकण न उघडताही हे ओळखता आलं असतं: परत आल्यापासून तो 'टक्' आवाज आलाच नव्हता. मी चाळीस वर्षं तो आवाज ऐकलाय, तरी त्याचा अर्थ मला माहीत नव्हता.

'शेवटच्या दोन जोड्या' म्हणजे २एन३०५५ आणि एमजे२९५५ निघाले. हे ट्रान्झिस्टर मुळात वाईट नाहीत, पण त्यांची मर्यादा ६० व्होल्टची. आमच्या अ‍ॅम्प्लिफायरचा सप्लाय अधिक ३६ आणि उणे ३६, म्हणजे एकूण ७२ व्होल्ट. त्या जागी ते कधी ना कधी जाणारच होते. त्यातून ते नकली. साहेबांनी एकाची धातूची टोपी कानसीने घासून उघडली, तर आतली सिलिकॉनची चिप मसुरीच्या दाण्याएवढीही नव्हती. कपॅसिटरवर छापलं होतं १०,००० मायक्रोफॅरड (हे साठवण्याच्या क्षमतेचं माप), ६३ व्होल्ट. मीटरवर भरले जेमतेम २,२००. वरचं प्लास्टिकचं वेष्टण ब्लेडने सोललं तर खाली दुसरं वेष्टण, त्यावर खरा आकडा. सोनेरी सॉकेट तेवढे खरंच नवीन होते. ते बाहेरून दिसतात.

साहेबांनी मला काही सवयी लावल्या, त्या इथे सांगून ठेवतो. दुरुस्तीहून आलेला अ‍ॅम्प्लिफायर थेट प्लगमध्ये घालू नका. आधी सिरीज बोर्डवर, म्हणजे वीज १०० वॅटच्या साध्या, तारेच्या (एलईडी नव्हे) बल्बमधून जाईल अशा जोडणीवर चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे. मग स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून, स्पीकरच्या टर्मिनलवर मीटरने डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर लावा. आणि पाठवण्याआधी झाकण काढून, भरपूर उजेडात, ट्रान्सफॉर्मरवरचे नंबर आणि प्रत्येक मोठ्या भागाचे फोटो काढा. त्या फोटोत आजचं वर्तमानपत्र राहू द्या. माझ्याकडे आतला एकही फोटो नाही. त्या माणसाने पुढे "तुमचा ट्रान्सफॉर्मर असाच होता" असं तोंडावर सांगितलं, तेव्हा माझ्या हातात फक्त या दोन पावत्या होत्या.

त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि मग जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुसऱ्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत, पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. बिल नसलं तरी यूपीआयच्या नोंदी, मेसेज, दोन्ही पावत्या आणि साहेबांनी सहीनिशी लिहून दिलेला तपासणीचा कागद जोडला आहे. पुढची तारीख मिळाली आहे.

अ‍ॅम्प्लिफायर सध्या नानांच्या दुकानात, मोटारींच्या रांगेत एका फळीवर आहे. मूळ ट्रान्सफॉर्मर असता तर उलगडून वेढे मोजता आले असते. आता भुसावळच्या साहेबांनी काढून दिलेल्या २६-०-२६ व्होल्टच्या हिशेबाने नाना तांब्याच्या तारेत नवा ट्रान्सफॉर्मर बांधताहेत. काल गेलो तेव्हा तयार कॉइल तराजूवर ठेवून वजन त्यांनी वहीत लिहिलं आणि त्या पानाखाली माझी सही घेतली.