पेरलं जुआंवने, कापलं मानुएलने

पोर्तुगालच्या राजांत मोठा कोण, दुसरा जुआंव की पहिला मानुएल? गोव्याच्या इतिहासामुळे आपल्याला मानुएल जवळचा. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा जिंकला, दोन्ही त्याच्याच काळात. ब्राझीलही १५०० मध्ये असंच पदरात पडलं. पोर्तुगीज त्याला ‘भाग्यवान’ म्हणतात, ते उगाच नाही.

पण शेत नांगरलं जुआंवने (१४८१–१४९५). बार्तोलोमेउ दियासने १४८८ मध्ये आफ्रिकेचं टोक वळसा घालून पार केलं ते त्याच्या राज्यात, आणि १४९४ च्या तोर्देसिल्यास तहात स्पेनशी जगाची वाटणीही त्यानेच केली. मोहिमेसाठी मदत मागायला आलेल्या कोलंबसला मात्र त्याने नकार देऊन माघारी धाडलं!

माणूस म्हणून जुआंव भयंकर. ब्रागांसाच्या ड्यूकचं डोकं उडवलं आणि १४८४ मध्ये कटाच्या संशयावरून सख्ख्या मेहुण्याला स्वतःच्या हाताने भोसकलं. हा मेहुणा म्हणजे मानुएलचा भाऊ. पुढे जुआंवचा मुलगा घोड्यावरून पडून मेला आणि गादी त्याच मानुएलकडे गेली.

मानुएल गोड, पण त्याचे हातही स्वच्छ नव्हते. स्पेनच्या राजकन्येशी लग्न जुळावं म्हणून त्याने १४९६ च्या डिसेंबरात ज्यूंच्या हकालपट्टीचा हुकूम काढला आणि पुढच्या वर्षी बहुतेकांना सक्तीने ख्रिस्ती केलं. मसाल्याच्या पैशातून त्याने लिस्बनजवळ जेरोनिमोस मठ उभारायला घेतला, पोपला हत्ती भेट पाठवला.

माझं मत जुआंवला. मेजवानी मानुएलने झोडली, चूल जुआंवने पेटवली होती.