२०० लिटरचा सोलर वॉटर हीटर: तिन्ही ऋतूंनंतर

५८ मिमी व्यासाच्या, १८०० मिमी लांब २० काचेच्या नळ्या, वर २०० लिटरची टाकी, पंप नाही. पुण्यातली गच्ची, चार माणसांचं घर. पाणी तापवण्याबद्दल तक्रार नाही: हे पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला सुमारे ७ युनिट लागली असती, म्हणजे २ किलोवॉटचा गीझर साडेतीन तास. बिनसतं ते सगळं प्लंबिंगमध्ये, आणि विकणारे त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारं प्लॅस्टिक) पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. गच्चीपासून बाथरूमपर्यंत २० मीटर लाइन असेल तर पहिलं ५ लिटर गारच येणार. ते बादलीत धरून कपड्यांना वापरा. लाइन जाड ठेवली की दाब सुधारतो, पण गार पाणीही वाढतं; एक इंचीला हा आकडा दीडपटीहून जास्त होतो. गरम लाइनला साधा यूपीव्हीसी (गार पाण्याचा प्लॅस्टिक पाइप) लावू देऊ नका, मे महिन्यात तो वाकतो. उष्णता टिकवायला पाइपावर चढवलेला काळा फोम उन्हात भुगा होतो, त्यावर ॲल्युमिनियमची टेप हवीच.

सगळ्यात वैताग आणणारी गोष्ट म्हणजे गार पाणी गरम लाइनीत घुसणं. गार लाइनीला प्रेशर पंप आणि गरम पाणी मात्र नुसत्या उंचीवर, अशी जोडणी असेल तर मिक्सर (गरम-गार एकत्र करणारा नळ) उघडताच गार पाणी गरम लाइनीतून उलटं चढतं आणि सगळे म्हणतात, "सोलर बिघडला". हँडशॉवर टोकाशी बंद करून मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवले तरी हेच होतं. गरम लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवा. जमल्यास दोन्ही लाइनी एकाच टाकीवरून घ्या.

गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्याहून उंच हवा, आणि सोलरच्या टाकीचा हवेचा पाइप गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्याही वर. तो बुटका राहिला तर गरम पाणी गच्चीवर वाहत राहतं. कोणी "गळतंय" म्हणून त्या पाइपाला बूच मारलं, तर टाकी रिकामी होताना आतला पत्रा आत ओढला जातो. ही दुरुस्ती नाही, नवी टाकी.

टंचाईत सोलर कोरडा पडला तर भर दुपारी पाणी सोडायचं नाही. तापलेल्या नळ्या तडकतात. सूर्य मावळल्यावर भरा.

बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांच्या तळाशी पांढरा थर बसतो आणि पाणी कोमट होऊ लागतं. दर तीन महिन्यांनी खालचा ड्रेन कॉक उघडून गाळ काढा. टाकीतली मॅग्नेशियमची कांडी वर्षातून एकदा बाहेर काढून बघा, झिजली असेल तर बदला. ती टाकीऐवजी स्वतः गंजते, पण वार्षिक सर्व्हिसवाले तिला हातही लावत नाहीत.

जागा ठरवताना डिसेंबरची सावली बघा. पुण्यात तेव्हा भर दुपारीही सूर्य ४८ अंशांवरच असतो. दक्षिणेची ५ फुटी भिंत साडेचार फूट सावली टाकते, सकाळी त्याहून लांब.

जुलै-ऑगस्टमध्ये बॅकअप कॉइल (टाकीतली विजेची) लागतेच. ती रात्री लावून ठेवण्यात अर्थ नाही. टायमरवर पहाटे ५ ते ६, थर्मोस्टॅट ५० वर. एका तासात २ किलोवॉटची कॉइल अख्खी टाकी जेमतेम ८-९ अंशांनी चढवते, म्हणून सलग ढगाळ आठवड्यात वेळ दोन तास करावी लागते.